एव्हरग्लेड्स ही अर्ध्या तासात उरकायची जागा नाही

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फ्लोरिडाच्या सहलीवर जो लेख आला तो वाचला, दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून मोबाईलवरच टाइप करतेय, चुका झाल्या तर पोटात घाला. लेख तसा चांगलाच होता हो, डिस्नेची तिकिटं कधी काढायची, समुद्रकिनारा कुठला गाठायचा, इंडियन जेवण कुठे मिळेल, सगळं व्यवस्थित. पण एव्हरग्लेड्सबद्दल मोजून चार ओळी आणि त्यात काय, तर मियामीहून निघा, एअरबोटीत बसा, मगरी बघा, अर्ध्या-पाऊण तासात मोकळे, मग मॉलला जायला दिवस शिल्लक! अहो, पंधरा लाख एकरांचं पाणथळ नॅशनल पार्क आहे ते, आपली बृहन्मुंबई त्यात दहा वेळा मावेल, आणि तुम्ही ते चहा प्यायला थांबावं तसं उरकायला सांगताय.

मला राग यायचं खरं कारण सांगते. आम्ही पण पहिल्यांदा अगदी हेच केलं होतं.

लेक-जावई दक्षिण फ्लोरिडात राहतात, दुसऱ्या नातवाच्या वेळी मी आणि आमचे हे जानेवारीत गेलो ते मार्च उजाडेपर्यंत तिथेच होतो. बाळंतपणाची घाई असल्यामुळे पहिले काही आठवडे घराबाहेर पडणं झालं नाही, मग एका शनिवारी जावई म्हणाला, "आई, तुम्हाला पक्षी बघायची आवड आहे ना, चला." तर गेलो टॅमियामी ट्रेल नावाच्या रस्त्यावरच्या एका एअरबोटवाल्याकडे. एअरबोट म्हणजे सपाट तळाची बोट आणि मागे विमानासारखा मोठाच्या मोठा पंखा, पिंजऱ्यात बसवलेला. कानात घालायला बोळे देतात, त्यावरून काय ते समजा. सुरू झाली आणि मला वाटलं पिठाच्या गिरणीत डोकं घालून बसलोय. समोर चांगले पन्नासेक पांढरे बगळे होते, आम्ही जवळ जाईस्तोवर सगळे उडाले, मला दिसल्या त्या फक्त त्यांच्या पाठी. मग एका ठिकाणी त्याने इंजिन बंद केलं आणि खिशातून पांढरं काहीतरी काढून पाण्यात टाकलं, मार्शमेलो होतं ते, लगेच मगरीचं एक धूड पोहत पोहत आलं बोटीपाशी. सगळ्यांनी व्हिडिओ काढले. माझी सहा वर्षांची नात म्हणाली, "आजी, ही ह्यांनी पाळलीये का?" काय सांगणार? नंतर कळलं की तिथे जंगली ॲलिगेटरला, म्हणजे ह्या मगरीला, खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, कारण एकदा का त्याला माणूस म्हणजे खाऊ असं वाटायला लागलं की तो माणसाच्या जवळ यायला लागतो, आणि मग शेवटी जीव जातो तो त्याचाच, मारावं लागतं त्याला. त्या बोटवाल्याचं नाव घेत नाही, सगळेच तसे नसतील.

आणि गंमत म्हणजे पार्कच्या बहुतेक भागात एअरबोटीला परवानगीच नाहीये. ज्या फिरतात त्या उत्तरेच्या कडेला, १९८९ च्या कायद्याने पार्कात नंतर जोडलेल्या पट्ट्यात नाहीतर पार्कच्या बाहेर. म्हणजे एअरबोट करून परत आलात तर तुम्ही उंबऱ्यावरून घर बघून आलात.

दुसऱ्या वेळी लेकीने हट्ट धरला की नीट जायचं. शार्क व्हॅली नावाची जागा आहे त्याच रस्त्यावर, नाव ऐकून आमच्या ह्यांनी विचारलं शार्क कुठे दिसतात, तर तिथे शार्क नाही आणि आपल्या मनातली दरी पण नाही, पुढे शार्क नावाची नदी आहे म्हणून ते नाव. चोवीस किलोमीटरचा डांबरी गोल रस्ता, त्यावर आपली गाडी न्यायची नाही, सायकल घ्या, चाला नाहीतर त्यांच्या उघड्या ट्रामगाडीत बसा. आम्ही ट्राममध्ये बसलो, ह्यांचे गुडघे.

बरोबर मधोमध एक टेहळणीचा मनोरा आहे, रॅम्पने वर जायचं. वर गेले आणि खरं सांगू का, पहिल्यांदा निराशाच झाली. नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं पिवळट गवत. डोंगर नाही, टेकाड नाही, काही म्हणजे काही नाही. सह्याद्री बघत मोठं झालेल्या माणसाला हे पचत नाही पटकन. मग तिथली गाइड सांगायला लागली, जावई मराठीत सांगत होता, आणि हळूहळू डोळे उघडायला लागले. हे गवत पाण्यात उभं आहे आणि ते पाणी चालतंय. उत्तरेच्या ओकीचोबी तलावाकडून दक्षिणेला समुद्रापर्यंत जमिनीला उतार किती, तर मैलाला काही इंच. ताटात सांडलेलं वरण सरकावं तसं पाणी सरकतं, डोळ्याला कळतसुद्धा नाही. म्हणून त्याला गवताची नदी म्हणतात. आणि ते गवत पण गवत नाहीच, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे, पात्याच्या कडेला करवतीसारखे दाते, नातीने हात लावायच्या आधी मीच लावून बघितला, बोटाला बारीकशी चीर गेली. तुकोबांचं लव्हाळं पुरात वाकून वाचतं, हे तर जन्मभर पुरातच उभं!

मधेमधे झाडांचे गोल पुंजके दिसतात, त्यांना तिथे हॅमॉक म्हणतात. मी म्हटलं झोपाळा कुठे टांगलाय, सगळे हसले. तर हॅमॉक म्हणजे जरासा उंचवटा, जरासा म्हणजे अगदी दोन-तीन फूट, तेवढ्याने मुळं कोरडी राहतात म्हणून तिथे मोठी झाडं येतात, मेहॉगनी वगैरे. जिथे डोंगर नाही तिथे दोन फुटाला पण डोंगराची किंमत.

परत येताना रस्त्याला लागून जो कालवा आहे त्याच्या काठावर ट्राम थांबली. मादी ॲलिगेटर, असेल आठ फुटांची, चिखलात अर्धी, आणि तिच्या पाठीवर, डोक्यावर, समोरच्या पाण्यात पिल्लं, मी मोजली अकरा, मग एक हललं आणि हिशेब चुकला. वीतभर लांबीची, काळी, अंगावर पिवळे पट्टे. ती पिल्लं बारीक आवाज काढत होती, कोंबडीच्या पिल्लांचा आणि बेडकाचा मधला आवाज म्हणा. आई डोळे मिटून. एक पिल्लू तिच्या नाकावरून घसरून पाण्यात पडलं, परत चढलं, परत पडलं. दहा मिनिटं आम्ही ते बघत होतो, ट्राममध्ये चाळीसेक माणसं असतील पण आवाज नाही कोणाचा. वर्षभर किंवा जास्तही सांभाळते म्हणे ती पिल्लांना. पंधरा फूट लांब राहायचा नियम आहे तिथे, आणि एक रेंजर सायकलवाल्यांना हाताने लांब करत होती, न ओरडता. हे इंजिनाच्या आवाजात दिसलं असतं का, तुम्हीच सांगा.

आम्ही गेलो तो कोरडा सीझन होता हे पण नशीब. तिथे दोनच ऋतू, मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर पाऊस आणि डास, डिसेंबर ते एप्रिल कोरडं. आपल्याला वाटतं पाणथळ जागा म्हणजे पावसाळ्यात बघावी, पण नाही, पाऊस झाला की मासे आणि पक्षी सगळीकडे पसरतात, काहीच दिसत नाही. कोरड्यात पाणी आटत आटत खळग्यांमध्ये गोळा होतं, मासे त्यात दाटीवाटीने, मग त्यांच्यामागे पक्षी. आणि हे खळगे राखतो कोण तर ॲलिगेटर. तो नाकाने, पायाने, शेपटीने चिखल उपसून डबकं खोल ठेवतो, स्वतःसाठीच, पण त्या पाण्यावर कासवं, मासे, बगळे सगळ्यांचा उन्हाळा निघतो. दुष्काळात आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी असायचं आणि सगळी आळी तिथे, तसं. आता त्या विहिरीचा मालकच अधूनमधून एखाद्याला खातो ही गोष्ट वेगळी.

तिसरी ट्रिप होमस्टेडच्या बाजूने, तिथे पार्कचं मुख्य दार आहे. ॲनहिंगा ट्रेल म्हणून लाकडी पुलाचा छोटासा रस्ता आहे, जाऊन येऊन मैलभरसुद्धा नाही, व्हीलचेअर जाते, बाबागाडी जाते. ॲनहिंगा म्हणजे आपल्या तिरंदाज पक्ष्याचा सख्खा भाऊ! मी निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला वर्षानुवर्षं तिरंदाज बघत आलेय, तीच सापासारखी मान, तेच पंख पसरून उन्हात वाळवत बसणं, त्याची पिसं भिजतात ना, म्हणून वाळवावी लागतात. हा माझ्यापासून चार हातांवर कठड्यावर बसला होता. चोचीत मासा भोसकलेला, तो सुटेना, मग त्याने लाकडावर दोनदा आपटला, हवेत उडवला आणि सरळ तोंडात झेलला, डोकं आधी. गळ्यातून मासा खाली जाताना दिसत होता, नात म्हणाली लिफ्ट. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. वुड स्टॉर्क बघितला तर तो आपल्या चित्रबलाकाच्या जातभाईंतला, त्याचं डोकं मात्र टकलं आणि सुरकुतलेलं. चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात घालतो आणि मासा लागला की खट्. डोळ्याने बघत नाही, स्पर्शाने पकडतो, म्हणून त्याला मासे दाटीने लागतात, म्हणून कोरड्यात पाणी आटणं त्याच्या पिल्लांसाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न. कालव्याच्या दारातून अवेळी पाणी सोडलं की मासे पसरले, आणि मोठे पक्षी पिल्लांना टाकून घरटी सोडून जातात. चमचा पक्षी पण आहे तिथे, पण गुलाबी, आपल्याकडचा पांढरा बघायची सवय असल्यामुळे मला तो रंगपंचमी खेळून आल्यासारखा वाटला.

ह्याच ट्रेलच्या पार्किंगमध्ये जावयाच्या गाडीचं जे झालं ते सांगितलंच पाहिजे कारण तुमच्या लेखातून हे कोणाला कळणार नाही. तिथे काळी गिधाडं आहेत, ती गाड्यांचं रबर खातात. हो, रबर. वायपरचं, काचेच्या कडेचं. पार्कवाल्यांनी गाडी झाकायला ताडपत्र्या आणि लवचिक दोऱ्या ठेवल्यात फुकट, बोर्ड पण आहे. जावई म्हणाला काही होत नाही हो आई, दहा मिनिटांत येऊ. आलो तासाभराने. दोन गिधाडं बॉनेटवर, एक टपावर, आणि वायपरचं रबर चोचीत धरून ओढतंय, शेवया ओढाव्यात तसं लांब लांब. हे टाळ्या वाजवत पुढे गेले तर ते गिधाड ह्यांच्याकडे बघत राहिलं, हललं नाही. लेकीला हसू आवरेना, जावयाला रडू. आपल्याकडे गिधाडं दिसेनाशी झाली म्हणून आपण हळहळतो, आणि तिथे ती वायपर खातायत, काय बोलायचं.

बाहेरून आलेल्या प्राण्यांचं प्रकरण तर वेगळंच आहे. आपली जांभळी पाणकोंबडी, नांदूरला कमळाच्या पानांतून चालताना दिसते ती, फ्लोरिडात कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटली आणि नव्वदच्या दशकापासून तिथे पसरली. सरकारने काही वर्षं मारून संपवायचा प्रयत्न पण केला, नाही संपली. मी कौतुकाने फोटो काढत होते, शेजारचा एक अमेरिकन म्हातारा म्हणाला हा इथला पक्षी नाही. म्हटलं मी पण नाही. पण अजगराचं हसण्यावारी नेता येत नाही. बर्मीज पायथन, आपल्या अजगराचा जवळचा नातेवाईक, लोकांनी हौसेने पाळला, मोठा झाल्यावर झेपेना म्हणून सोडून दिला, १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात पैदास करणाऱ्याचा गोठाच उद्ध्वस्त झाला तेव्हाही काही सुटले असं म्हणतात. २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात रकून हा प्राणी रस्त्यावर दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलेलं निघालं, अजगर जिथे सगळ्यात आधी पसरले तिथे. आता दर वर्षी अजगर पकडायची स्पर्धा ठेवतात, बक्षीस देतात. आम्हाला एक दिसला नाही, आणि ते ज्याला खातात तो ससाही दिसला नाही. दुसऱ्याचं मला जास्त वाईट वाटलं.

इतिहासाचं थोडं लिहिते, जास्त नाही. ६ डिसेंबर १९४७ ला प्रेसिडेंट ट्रूमन यांनी हे पार्क राष्ट्राला अर्पण केलं, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यानंतर चारच महिन्यांनी. त्याआधीची पार्कं डोंगर, धबधबे, कडे ह्यांच्या देखाव्यासाठी होती, हे नुसत्या जिवांसाठी केलेलं पहिलं. त्याच्याही आधी तिथे बगळ्यांची कत्तल व्हायची, बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची फॅशन होती म्हणून. गाय ब्रॅडली नावाचा वॉर्डन पक्षी वाचवायला नेमला होता, त्याला १९०५ मध्ये शिकाऱ्याने गोळी घालून मारलं, फ्लेमिंगो गावाजवळ. टोपीवरच्या पिसासाठी.

आणि आजचं दुखणं पाण्याचंच. ओर्लँडोला जाताना जावयाने मुद्दाम हायवे २७ ने नेलं, ओकीचोबी तलावाच्या खालच्या अंगाला मैलोन्मैल ऊस. आमच्या निफाडच्या माणसाला ऊस बघून आनंद व्हायचा तर पोटात गोळा आला, कारण ती सगळी जमीन मूळची एव्हरग्लेड्सचीच. मूळ पाणथळीतली निम्मी जमीन शेती आणि शहरांत गेलीये. खतातलं फॉस्फरस खाली वाहून येतं, त्याने लव्हाळं मागे पडतं आणि पाणकणसं माजतात. वर १९२८ साली उघडलेला तो टॅमियामी ट्रेल रस्ताच पाण्याला धरणासारखा आडवा. आता रस्ता उचलून खाली पूल घालतायत, मैलभराचा २०१३ मध्ये झाला, नंतर आणखी झाले. म्हणजे आपण ज्या रस्त्यावरून एअरबोटीला जातो तोच रस्ता त्या नदीच्या गळ्यात अडकलेला, हे तरी पुरवणीत यायला हवं होतं ना.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. डिसेंबर ते मार्च जा. सकाळी लवकर पोचा, दुपारी पार्किंग भरतं. पाणी आणि खायला घेऊन जा, आत फार काही मिळत नाही, आम्ही धपाटे आणि दही नेलं होतं. मुख्य दारापासून फ्लेमिंगोपर्यंत साठेक किलोमीटर रस्ता आहे, पूर्ण जा, मधूनच परत फिरू नका. वाटेत नाइन माइल पाँड म्हणून तळं आहे तिथे लेक-जावई पाळीपाळीने कनू म्हणजे छोटी होडी चालवायला गेले, पाण्यात पांढरे नंबर घातलेले पाइप रोवलेत, त्यांच्या मागे मागे जायचं. लेक परत आली ती म्हणाली, "आई, वल्हं थांबवलं की कासव पाण्यात पडल्याचा आवाज येतो गं." फ्लेमिंगोला धक्क्यावर उभे होतो तर पाण्यातून फुस्स झालं, दोन नाकपुड्या, मग करडी पाठ. मॅनाटी! पाणम्हैस म्हणा, पण नातं हत्तीशी आहे तिचं. ती श्वास घ्यायची, खाली जायची, आम्ही पुन्हा कुठे येईल ते बोटाने दाखवायचो. तासभर तेवढंच केलं, तिकीट नाही, लाइन नाही. बाळ माझ्या कडेवर झोपलेलं.

नांदूर मध्यमेश्वरला पण हेच बघते मी. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ती, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, २०२० ला जाहीर झाली, आणि लांबून आलेले लोक गाडीतून उतरता उतरता विचारतात, बोटिंग आहे का. एकदा मनोऱ्यावर एक ग्रुप स्पीकर लावून आला, समोरचे सगळे चांदवे पक्षी पाणी सोडून पलीकडे. तिथल्या गाइड पोराने हात जोडले त्यांना, तेव्हा बंद केला. "एवढ्या लांब आलो आणि नुसतं बघत बसायचं?" असं त्यातल्या एकाने मला विचारलं. हो, नुसतं बघत बसायचं, त्यासाठीच तर येतात.

आणि संपादक साहेब, एक शेवटचं. लेखाबरोबरच्या फोटोखाली तुम्ही "एव्हरग्लेड्सची क्रोकोडाइल" छापलंय. ती क्रोकोडाइल नव्हे, ॲलिगेटर आहे. मराठीत आपल्याला दोन्ही मगरीच, म्हणून चालून जातं, पण दक्षिण फ्लोरिडा ही जगातली एकच जागा जिथे दोघं एकत्र राहतात, म्हणून तिथे तरी चुकू नये. रुंद, गोलसर, काळपट तोंड आणि मिटल्यावर खालचे दात आत, तो ॲलिगेटर. निमुळतं, राखाडी तोंड आणि तोंड मिटूनही खालचा दात बाहेर, ती क्रोकोडाइल, ती खाऱ्या पाण्याच्या बाजूला, फ्लेमिंगोच्या धक्क्यावर आम्हाला दिसली. माझ्याकडे तिचा फोटो आहे, नातीने काढलाय, थोडा हललाय, पण दात स्पष्ट आहे. छापणार असाल तर पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक